बिलाआधीचे दोन शब्द

तालुक्याच्या गावातील एखादा प्राथमिक शिक्षक रात्री अकराच्या सुमारास सत्तरीच्या वडिलांना घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणच्या खाजगी रुग्णालयात पोहोचतो. वडिलांना धाप लागलेली असते. त्यांना चाकांच्या खुर्चीवरून आत नेले जाते आणि मुलाला खिडकीपाशी बोलावले जाते. तेथे आधी अनामत रक्कम भरावी लागते, मग चार-पाच कागदांवर सह्या कराव्या लागतात. कागद इंग्रजीत असतात, घाई असते आणि वाचून दाखवायला कोणाला वेळ नसतो. पुढचे तीन दिवस अतिदक्षता विभागाच्या काचेच्या दाराबाहेर, प्लास्टिकच्या खुर्चीवर जातात. दर सकाळी एक चिठ्ठी हातात पडते आणि तळमजल्यावरच्या रुग्णालयाच्याच औषधदुकानातून पिशवीभर औषधे आणून द्यावी लागतात. त्यातली किती वापरली आणि किती परत गेली, हे त्याला कळत नाही. मोठे डॉक्टर रात्री साडेनऊला येतात आणि जाता जाता ‘स्टेबल आहेत, बघू’ एवढेच बोलून लिफ्टमध्ये शिरतात. त्या ‘बघू’चा अर्थ लावण्यात त्या कुटुंबाची अख्खी रात्र जाते.

पाचव्या दिवशी सकाळी ‘आज घरी सोडणार’ असा निरोप येतो. बिल हाती पडायला संध्याकाळ उजाडते. बिल आठ पानांचे असते. शेवटच्या पानावर ‘इतर’ या सदराखाली काही हजारांची रक्कम दिसते. शिक्षक भीतभीत विचारतो, ‘ताई, हे इतर म्हणजे काय हो?’ खिडकीतून उत्तर येते, ‘सर, सिस्टीममध्ये तसंच आलंय.’ तो व्यवस्थापकाकडे जातो, दोन शब्द विनवणीचे बोलतो, आणि व्यवस्थापक लाल पेनाने सहा हजार रुपये कमी करून देतो. शिक्षकाने आभार मानावेत, पण त्याच्या मनात भलताच प्रश्न उभा राहतो. मागितल्यावर सहा हजार कमी होत असतील, तर न मागता किती जास्त लावले होते? वडील बरे होऊन घरी आलेले असतात. उपचारात बहुधा काहीही उणे नसते. तरीही त्या घरात रुग्णालयाविषयी कृतज्ञता येत नाही, संशय येतो.

हा प्रसंग प्रातिनिधिक आहे. कोणत्याही शाळेच्या शिक्षकखोलीत किंवा कचेरीत मधल्या सुट्टीत विषय निघाला, की थोड्याफार फरकाने हीच कहाणी दोघे-तिघे तरी सांगतील. या तक्रारींचा सूर ‘फार पैसे घेतले’ असा असतो, आणि म्हणून त्यांवरची चर्चाही दरांपाशी सुरू होऊन दरांपाशीच संपते. दर हा प्रश्नाचा मोठा भाग आहे, हे नाकारता येणार नाही. पण वरच्या प्रसंगातील खरी जखम केवळ पैशाची नाही. चार दिवसांत त्या कुटुंबाशी कोणी नीट बोलले नाही. रुग्णालय सविस्तर बोलले ते एकदाच, शेवटच्या दिवशी, बिलाच्या रूपाने, आणि तेही त्याला न कळणाऱ्या भाषेत. बिलाआधी जे शब्द बोलायला हवे होते ते बोलले गेले नाहीत, हे या दुखण्याचे मूळ आहे.

प्रथम खर्चाचे प्रमाण पाहू. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीनुसार, म्हणजे जुलै २०१७ ते जून २०१८ या काळात, बाळंतपणे वगळता रुग्णालयात दाखल होण्याच्या एका प्रसंगी येणारा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये, तर खाजगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये होता. खाजगी खर्च सरकारी खर्चाच्या सातपट. या आकड्यांना आता काही वर्षे लोटली आहेत आणि औषधोपचार तेव्हापेक्षा स्वस्त झाल्याचे कोणी म्हणणार नाही. दुसरीकडे, राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. तथापि अजूनही शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये घरच्या शिलकीतून, सोसायटीच्या कर्जातून किंवा बायकोच्या दागिन्यांतून उभे राहतात, हाही त्याच आकड्याचा अर्थ आहे. सरासरी आकडा सौम्य असतो. आजारपण सरासरीने येत नाही, ते एका घरावर एका रात्री कोसळते.

बाजारात इतर कोणत्याही वस्तूची किंमत वाढली तर ग्राहक दुसऱ्या दुकानात जातो, कमी घेतो किंवा घेतच नाही. रुग्णालयात यांपैकी काहीच का करता येत नाही, याचे उत्तर अर्थशास्त्राने फार पूर्वी दिले आहे. केनेथ अ‍ॅरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावर एक निबंध लिहिला. १९७२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालेल्या या विद्वानाचा तो निबंध आजही या विषयाचा पाया मानला जातो. त्याचा आशय थोडक्यात असा सांगता येईल. आजार केव्हा येईल हे अनिश्चित असते, उपचाराचे फळ काय येईल हेही अनिश्चित असते, आणि त्याविषयीचे ज्ञान विकणाऱ्यापाशी फार व घेणाऱ्यापाशी फार थोडे असते. भाजी घेणारा वांगे हातात घेऊन पाहतो. रुग्णाला स्वतःला काय हवे आहे हेच ठाऊक नसते. ते डॉक्टरच ठरवतात. म्हणजे मागणी आणि पुरवठा या दोहोंची किल्ली एकाच हातात असते. अशा ठिकाणी बाजाराचे नेहमीचे नियम चालत नाहीत. त्यांची जागा विश्वासाने घ्यावी लागते. डॉक्टरने व्यापाऱ्यासारखे वागू नये ही समाजाची अपेक्षा म्हणजे नुसता भाबडा आदर्शवाद नव्हे, या व्यवहाराची ती आर्थिक गरज आहे.

विश्वास ही बाब हवेत उभी राहत नाही. जो समजावून सांगतो त्याच्यावर तो बसतो आणि जो गप्प राहतो त्याच्यावरून उडतो. म्हणून रुग्णालयातील संवाद हा सौजन्याचा भाग नसून उपचाराचा आणि व्यवहाराचाही भाग आहे. आपल्याकडे नेमके तेथेच पाणी मुरते.

आता हे बिल तयार कसे होते ते पाहावे. रुग्णाला वाटते की खाटेचे भाडे वेगळे आणि उपचाराचा आकार वेगळा. अनेक रुग्णालयांत तसे नसते. खोलीचा वर्ग जसा चढतो तशी डॉक्टरांच्या भेटीची फी, शस्त्रक्रियेचा आकार, तपासण्यांचे दर हेही चढतात. शस्त्रक्रिया तीच, शल्यविशारद तोच, पण खोली बदलली की आकडा बदलतो. ही गोष्ट दाखल होताना एका वाक्यात सांगता येते. ती बहुधा सांगितली जात नाही. विमा असेल तर गुंता आणखी वाढतो. विम्याच्या करारात खोलीभाड्याला मर्यादा असेल आणि रुग्ण त्याहून वरच्या खोलीत गेला, तर विमा कंपनी केवळ भाड्यातला फरक कापत नाही. बिलातील इतर अनेक रकमाही त्याच प्रमाणात कापू शकते. ‘कॅशलेस’ या शब्दावर विसंबून राहिलेल्या कारकुनाला हे कळते ते घरी जायच्या दिवशी.

औषधांचे व साहित्याचे प्रकरण याहून गंभीर आहे. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली व परिसरातील चार मोठ्या खाजगी रुग्णालयांच्या बिलांची छाननी प्रसिद्ध केली. औषधे, सिरिंज, हातमोजे यांसारखे साहित्य आणि तपासण्या यांचा बिलातील वाटा ४६ टक्के असल्याचे आणि काही वस्तूंवरील नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेल्याचे तीत आढळले. यात विशेष असे की, या व्यवहारात छापील किमतीचा भंग होतोच असे नाही. रुग्णालय घाऊक खरेदी अत्यल्प दराने करते आणि रुग्णाला मात्र छापील किमतीने आकारते. छापील किंमत जितकी अधिक, तितका मधला फरक अधिक. म्हणजे ग्राहकाच्या रक्षणासाठी असलेली ‘कमाल किंमत’ त्याच्याच विरुद्ध वापरली जाते. दुकान आवारातले, चिठ्ठी आवारातली आणि रुग्ण खाटेवर. तो बाहेर जाऊन चौकशी करणार कशी? मार्च २०२५ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा न्यायालयाने स्वतः सरसकट आदेश न देता धोरण ठरवण्याची जबाबदारी राज्यांवर सोपवली. राज्यांनी हे काम निकडीचे मानायला हवे.

दरनियंत्रणाचा काही उपयोग होतो का, असे विचारले जाते. तो होतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयातील रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटची किंमत सरकारने बांधून दिली. औषधयुक्त स्टेंटसाठी २९,६०० रुपये आणि साध्या स्टेंटसाठी ७,२६० रुपये ही तेव्हा ठरलेली कमाल मर्यादा होती, आणि त्यामुळे त्यापूर्वीच्या किमती किती फुगलेल्या होत्या हे उघड झाले. परंतु एका कलमाचा दर बांधला की तोच भार दुसऱ्या कलमाकडे सरकवता येतो, आणि ‘इतर’ हे सदर त्यासाठी मोकळेच असते. म्हणून एकेका वस्तूच्या किमतीमागे धावण्याइतकेच संपूर्ण बिल वाचता येण्याजोगे करणे महत्त्वाचे आहे.

पैशाच्या पलीकडे संमतीचा प्रश्न आहे. वर उल्लेखलेल्या शिक्षकाने ज्या कागदांवर सह्या केल्या, त्यांना कायद्याच्या भाषेत संमती म्हणतात. जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल या बाबतीत मुळातून समजून घेण्यासारखा आहे. एक प्रौढ महिला केवळ निदानासाठी भूल घेऊन तपासणीच्या टेबलावर होती. ती बेशुद्ध असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व बीजांडकोश काढून टाकण्यात आले. तातडीने जिवाला धोका नसताना, शुद्धीवर येऊन स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या प्रौढ व्यक्तीच्या वतीने दुसऱ्या कोणी दिलेली संमती ही संमती नव्हे, आणि निदानासाठी दिलेली संमती उपचाराला लागू होत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. संमती म्हणजे सही नव्हे. काय करणार, का करणार, दुसरा पर्याय कोणता, न केल्यास काय होईल, हे कळल्यानंतर दिलेला होकार म्हणजे संमती. सही हा त्या संभाषणाचा पुरावा असतो. संभाषणच झाले नसेल तर पुरावा कशाचा?

येथे डॉक्टरांची बाजू ऐकून घेणे न्यायाचे होईल. रुग्णालय उभारायला कर्ज लागते, यंत्रे परदेशातून येतात, परिचारिका मिळत नाहीत, आणि विम्याचे व सरकारी योजनांचे पैसे वेळेवर येत नाहीत, असे ते सांगतात व त्यात तथ्य आहे. रुग्णाबरोबर येणारे दहा-पंधरा नातलग दर तासाला तोच प्रश्न विचारतात, आणि काही विपरीत घडले तर काचा फुटतात, डॉक्टरांना मार बसतो. हा प्रकार इतका वाढला की महाराष्ट्राला २०१० मध्ये वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसा रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. नोव्हेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली तेव्हापासून डॉक्टर धास्तावून अधिक तपासण्या लिहू लागले, असाही एक युक्तिवाद आहे. शिवाय हा व्यवसाय एकजिनसी नाही. डॉ. अरुण गद्रे यांनी निरनिराळ्या ठिकाणच्या डॉक्टरांना बोलते करून व्यवसायातील कमिशनसारख्या अपप्रकारांवर प्रकाश टाकला, तो त्या डॉक्टरांच्या प्रामाणिकपणामुळेच.

पण या साऱ्या अडचणी मान्य केल्या तरी निष्कर्ष मौनाच्या बाजूने निघत नाही, उलटाच निघतो. दहा नातलग दहा वेळा विचारतात, कारण एकाला एकदा नीट सांगितलेले नसते. मृत्यूची वार्ता ज्यांना अकस्मात कळते त्यांचा क्षोभ होतो; प्रकृती ढासळत असल्याचे जे दोन दिवस ऐकत आलेले असतात, ते दुःख करतात, दगड उचलत नाहीत. हा केवळ नफेखोरीचा प्रश्न नाही, याचा पुरावा सरकारी रुग्णालयात मिळतो. तेथे बिल नगण्य असते, तरी तक्रार हीच असते. सकाळी केसपेपरची रांग, मग तपासणीची रांग, मग ‘हे बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी. आणि छत्तीस तास जागा असलेला निवासी डॉक्टर चौथ्या माणसाला समजावून सांगण्याच्या अवस्थेत नसतो. तेथे बोलायला माणूस नाही आणि खाजगी ठिकाणी बोलण्याची गरज मानली जात नाही. रुग्णाच्या वाट्याला दोन्हीकडे मौनच येते.

कायद्यांची उणीव आहे असे म्हणावे तर तसेही नाही. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाविषयीच्या २००२ च्या नियमांनुसार, रुग्णाने मागणी केल्यापासून ७२ तासांत उपचाराची कागदपत्रे त्याला द्यावी लागतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सतरा कलमी सनद तयार केली. माहितीचा हक्क, दर जाणण्याचा हक्क, औषध कोठून घ्यावे हे ठरवण्याचा हक्क आणि बिलाच्या वादापायी रुग्णाला किंवा मृतदेहाला अडकवून न ठेवले जाण्याचा हक्क, हे तीत आहेत. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारला नाही. येथे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो. पण त्याखालील नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद आणि प्रमुख सेवांचे दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. विमा नियामकाने मे २०२४ मध्ये घरी सोडतेवेळच्या अंतिम मंजुरीसाठी विमा कंपन्यांना तीन तासांची मर्यादा घालून दिली आणि त्या विलंबाचा भुर्दंड कंपनीनेच सोसावा असे ठरवले. कागदावर रुग्ण बराच बलवान आहे. मात्र हे हक्क मागावे लागतात, आणि मागायची वेळ येते तेव्हा तो खाटेवर असतो व त्याचे माणूस खिडकीशी अजिजी करीत असते.

मनात आणले तर शासन काय करू शकते, हे २०२० च्या साथीत दिसले. त्या वर्षी मे महिन्यात महाराष्ट्र शासनाने खाजगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर निश्चित केले. साध्या विलगीकरण कक्षासाठी दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि कृत्रिम श्वसनयंत्रासह ९,००० रुपये. बिले तपासायला लेखापरीक्षक नेमले गेले आणि जादा घेतलेली रक्कम परत करण्याचे प्रसंगही घडले. त्या दरांविषयी रुग्णालयांची तक्रार होती आणि पळवाटाही निघाल्या. तरीही एक गोष्ट सिद्ध झाली. रुग्णालयाचे बिल ही दैवी लिपी नव्हे. वाचणारा बसवला तर ते वाचता येते. साथ ओसरली आणि तो वाचणाराही उठून गेला.

यापुढे काय करावे? दरांचा वाद लांबचा आहे, तो व्हावा. पण काही गोष्टींना पैसा जवळजवळ लागत नाही. दाखल होताना अंदाजे खर्च मराठीत लिहून द्यावा आणि तो ओलांडला जाणार असेल तर आधी सांगावे. रोजचे बिल रोज नातलगांच्या हाती पडावे, म्हणजे शेवटच्या दिवशी आठ पाने अंगावर येणार नाहीत. ‘इतर’ हे सदर बिलातून बाद व्हावे. दिवसातली एक वेळ ठरवून जबाबदार डॉक्टरने घरच्या एका माणसाशी दहा मिनिटे बसून बोलावे. औषध बाहेरून आणण्याची मोकळीक आहे, हे चिठ्ठीवरच छापावे. आणि तक्रार ऐकणारी यंत्रणा जिल्हा पातळीवर अशी असावी, की जीत वैद्यक जाणणारा, हिशेब जाणणारा आणि नागरिकांचा प्रतिनिधी असे तिघे असतील. आज एका बिलासाठी ग्राहक आयोगाची पायरी चढणे म्हणजे दुसरे आजारपण ओढवून घेणे होय.

याच्या जोडीला सार्वजनिक आरोग्यसेवा भक्कम करण्याला पर्याय नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ते गाठले गेलेले नाही. चांगले सरकारी रुग्णालय हे गरिबांसाठी दवाखाना असते, तसेच शेजारच्या खाजगी रुग्णालयाच्या दरांवरचा लगामही असते. जेथे दुसरे दार उघडे असते, तेथे पहिल्या दाराशी माणसाला माणसासारखे वागवले जाते.

शिकलेल्या माणसाने प्रश्न विचारावेत, अंदाजपत्रक मागावे, कागद मागून घ्यावेत, हे योग्यच आहे. पण सारा भार रुग्णाच्या जागरूकतेवर टाकणे अन्यायाचे होईल. जो शिक्षक वर्गात पन्नास मुलांपुढे निःसंकोच बोलतो त्याचीही जीभ त्या खिडकीपाशी अडखळते. मग ऊसतोडणीहून थेट आलेल्या मजुराने काय करावे? सांगण्याचे कर्तव्य ज्याला ठाऊक आहे त्याचे असते, विचारण्याचे कसब ज्याला ठाऊक नाही त्याच्यावर लादायचे नसते.

त्या शिक्षकाच्या कपाटात ती आठ पाने पुढे कित्येक वर्षे पडून राहतात. कर्ज फिटते, वडील पुन्हा अंगणात बसू लागतात, डॉक्टरांचा हातगुण खरा होता हेही घरात कबूल केले जाते. परंतु गावात कोणी त्या रुग्णालयाविषयी विचारले, की तो बरे झालेल्या वडिलांची गोष्ट सांगत नाही, ‘इतर’ या सदराची सांगतो. ज्या व्यवसायाचे भांडवलच विश्वास आहे, त्याने दहा मिनिटांच्या बोलण्याची काटकसर करून हे केवढे नुकसान पदरी घेतले आहे, याचा हिशेब त्या व्यवसायानेच मांडून पाहावा.